तीन कागद आणि एक दगड

एक माणूस तापाने मेला. मेल्यावर दोन वर्षं कामावर हजर राहिला आणि तिसऱ्या वर्षी लग्न करून मोकळा झाला. त्याला मी चार दिवसांत कायमचा गाडला. हे खरं मानणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी आधीच सांगून ठेवतो.

परवा ओट्यावर मी हे म्हटलं तेव्हा शेजारची गोदाक्का शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "भावजी, मागल्या खेपेला तुमच्या गोष्टीत वाघ पहारीने दात कोरत होता. त्यामानाने हे बरंच खरं वाटतंय."

"वाघाचं सोड. ह्याला पुरावा आहे. फोटो आहे फोटो!"

"मग होऊन जाऊ द्या."

चांगुणा, म्हणजे माझी बायको, उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. त्या दिवशी ती बहिणीकडे जायची होती, पण एस.टी. चुकली. ही गोष्ट मी वीस वर्षांत तिच्यादेखत कधी काढली नव्हती. पण ओट्यावर आठदहा माणसं जमलेली, चहा झालेला, आणि जिभेच्या टोकावर आलेली गोष्ट गिळली तर मला पोटदुखी होते. तेव्हा सुरू केली.

त्र्याऐंशी सालचा मार्गशीर्ष. चांगुणा आठ दिवसांसाठी माहेरी गेली होती, भाचीच्या बाळंतपणाला. मी अंगणात कुणाच्या तरी पाट्याला टाकी लावत होतो. फाटकातून शांतवन मास्तर आत आले. आमच्या घाटमाथ्यावरचं जुनं गोऱ्यांचं चर्च आणि त्यामागचं कबरस्तान हेच सांभाळायचे. रेल्वेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. कुणी चुकीचं बोललं तर स्वतःच्याच कपाळाला हात लावायचा. त्यांच्यामागे एक उंच गोरी बाई होती. केस पांढरे, पायात पुरुषी बूट, काखेत कातडी पिशवी, आणि ती पिशवी तिने अशी धरलेली की आत लहान मूल असावं.

"धोत्रे, ह्या नोराबाई. आयर्लंडच्या," मास्तर म्हणाले. "ह्यांचे पणजोबा आपल्या घाटात गवंडी होते, रेल्वे बांधली तेव्हा. ते शोधायला आल्यात."

"मग मला काय विचारता? मी काय त्यांच्या वयाचा दिसतो?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "कबरस्तानातले निम्मे दगड पालथे पडलेत. उलथायला माणूस पाहिजे. तोही दगड न फोडता उलथणारा."

मी मजुरीचं विचारणार, तेवढ्यात बाईने पिशवीतून एक फोटो काढून माझ्यापुढे धरला. थडग्याचा दगड होता. तिकडचा, करड्या रंगाचा. वरच्या निम्म्यात अक्षरं आणि खालचा निम्मा कोराच.

"हा अर्धा का सोडला?" मी विचारलं. दगडावर रिकामी जागा दिसली की मला ताटात भात वाढून वरण विसरल्यासारखं होतं.

बाई बोलत होती आणि मास्तर मराठीत सांगत होते. पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवसापासून मधले मास्तर मला ऐकूच येईनात. थेट तीच बोलतेय असं वाटायचं.

ती म्हणाली, "ही माझी पणजी, ब्रिजिट. नवरा थॉमस हेशन इकडे आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मुलगा तीन वर्षांचा. काही वर्षं घरी पैसे येत होते. अठराशे चौसष्ट साली एकाएकी थांबले. गाव म्हणालं, थॉमसने तिकडे दुसरं घर केलं. ब्रिजिट म्हणाली, नाही. मरेपर्यंत नाही म्हणाली. माझ्या दगडावर त्याच्या नावाला जागा ठेवा, म्हणाली. मुलाने जागा ठेवली, पण नाव कोरू दिलं नाही. जन्मभर लोकांनी त्याला पळपुट्याचा पोर म्हटलं होतं."

"आणि आता?"

"त्या मुलाची मुलगी म्हणजे माझी आई. पंच्याऐंशी वर्षांची आहे. अंथरुणाला खिळली आहे. तिला एवढंच कळायला हवंय, आजोबा मेले की पळाले. मेले असतील तर त्या जागेत नाव कोरायचं. पळाले असतील तर जागा तशीच."

"कागदपत्रं काय म्हणतात?"

इथे मास्तरच हसले. "तीच तर गंमत आहे, धोत्रे. तीन कागद आहेत."

बाईने पाट्यावरच तीन कागद मांडले. पहिला आमच्याच चर्चच्या वहीतला: थॉमस हेशन, गवंडी, वय एकतीस, तापाने मेला, ऑगस्ट अठराशे बासष्ट. दुसरा ठेकेदाराच्या हजेरीपटाची नक्कल: थॉमस हेशन, गवंडी, मार्च चौसष्टपर्यंत हजर. तिसरा घाटाखालच्या एका चर्चमधला: थॉमस हेशन, वय अठ्ठावीस, लग्न झालं, पासष्ट साली.

"म्हणजे मेल्यावर तीन वर्षांनी मिशी काळी करून बोहल्यावर!" मी म्हटलं.

मास्तरांनी हे तिला सांगितलं की नाही कोण जाणे, पण ती हसली नाही. म्हणाली, "मी पोस्टात होते. पत्ता चुकलेली पत्रं माझ्या टेबलावर यायची आणि मी ती माणसापर्यंत पोचवायचे. एकतीस वर्षं. अकरा वर्षं झाली, हा एकच माणूस पोचत नाहीये. चार दिवसांनी माझी गाडी आहे."

मी मजुरीचं विचारलंच नाही.

पहिला दिवस कबरस्तानात गेला. घाणेरी आणि करवंदीची जाळी इतकी माजलेली की सापालासुद्धा वाट विचारावी लागली असती. मी पहारीने दगड उलथायचा, बाईने गुडघ्यावर बसून ब्रशने माती झाडायची, मास्तरांनी वाचायचं. करवंदीच्या काट्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. मास्तर म्हणाले, आता उद्या बघू. तिने मान हलवली आणि पुढच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. त्र्याहत्तर दगड उलथले आम्ही. साहेब सापडले, मडमा सापडल्या, एका साहेबाचा कुत्रासुद्धा सापडला. हेशन नाही.

"साथीच्या दिवसांत मेलेल्यांना भिंतीबाहेर, ओढ्याच्या अंगालाही पुरत," मास्तर म्हणाले. "पण तिथे दगड कोण लावणार?"

"बघू तर," बाई म्हणाली.

भिंतीबाहेर नुसतं रान होतं. तिथेही ती दिवेलागणीपर्यंत फिरली.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुलाकडे नेलं. ओढ्यावरचा तो तीन कमानींचा जुना पूल आमच्या घरात फार मानाचा. माझा पणजा त्याच पुलावर दगड घडवत होता. लहानपणी माझा आजा मला मधल्या खांबापाशी नेऊन एक दगड दाखवायचा. तोच मी बाईला दाखवला.

"ह्यावर हात फिरवा. डावीकडून उजवीकडे."

तिने हात फिरवला. निम्म्यावर आल्यावर थांबली. पुन्हा फिरवला. "इथे बदलतंय."

"टाके बदलतात, टाकीच्या खुणा. डावीकडचे तिरपे, खोल. उजवीकडचे सरळ, बारीक. एक दगड, दोन हात. आमच्यात कुणीही दुसऱ्याच्या दगडाला टाकी लावत नाही, बाई. उष्टं खाल्ल्यासारखं ते. फक्त एकाच वेळी लावतात."

"केव्हा?"

"पहिला मेला की. मेलेल्याचा दगड अर्धा ठेवायचा नाही, ही रीत आहे. टोळीतल्या दुसऱ्याने तो पुरा करायचा. आणि ज्या कामावर तो होता ते काम उभं राहीपर्यंत मुकादमाने त्याचं नाव पटावरून काढायचं नाही. सकाळी नाव पुकारलं की टोळीतलं कुणीतरी 'हजर' म्हणायचं. त्याच्या वाट्याची मजुरी त्याच्या घरी जायची."

मास्तर मराठीतून इंग्रजीत सांगता सांगता मधेच अडखळले. "धोत्रे, हा पूल पुरा कधी झाला ते माहीत आहे?"

"मला इंग्रजी आकडे कोरता येतात, वाचता येत नाहीत. तिकडे कमानीवर लिहिलंय, बघा."

मास्तर चष्मा सावरत कमानीखाली गेले. बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग तिथूनच ओरडले, "मार्च! मार्च चौसष्ट!"

बाई खांबाला पाठ लावून खालीच बसली. मग तिच्यातली पोस्टवाली जागी झाली. "पण मग मेल्याचं कुणी कळवलं का नाही?"

"टोळीत लिहिता येणारे किती असतील?" मी विचारलं. "तुमच्या पणजोबाला येत होतं?"

"येत होतं. त्याची चार पत्रं आहेत घरी."

"मग टोळीत लिहिणारा तोच एक असेल. आणि तोच मेला. कळवणार कोण?"

मास्तरांनी पिशवीतून लग्नाचा कागद ओढून काढला. खाली सही नव्हती. नुसती फुली होती. "हा नवरदेव निरक्षर आहे!" ते म्हणाले. "हा दुसराच कुणीतरी हेशन. वयसुद्धा जुळत नाही."

तिन्ही कागद असे एका ओळीत आले, बघा. जेवताना भाकरीचा तुकडा बाईच्या हातात तसाच राहिला. शेवटी ती म्हणाली, "फार सुंदर गोष्ट आहे, धोत्रे."

"गोष्ट नाही. रीत आहे."

"मला पटतंय. पण माझ्या आईचा बाप साठ वर्षं लोकांच्या गोष्टी ऐकत जगला. आईला आणखी एक गोष्ट नको. ती विचारेल, त्याचं नाव कुठे आहे? वहीत आहे म्हणावं, तर लग्नाच्या वहीतही आहे. मी तिला खरं तेच सांगेन. तो पळाला नसावा, एवढं सांगेन. 'नसावा' ह्यावर ती दगड कोरू देणार नाही. मी ओळखते तिला."

"कागदाला तीन तोंडं," मी म्हटलं. "दगडाला एकच असतं."

"मग तो दगड शोधू या," ती म्हणाली आणि उठली.

त्या संध्याकाळी मी मास्तरांकडे जाऊन म्हटलं, ती वहीतली ओळ मला पुन्हा एकदा दाखवा. त्यांनी दाखवली. मी बराच वेळ पाहत बसलो. एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवलं. मास्तर म्हणाले, "काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही. वळण बघतोय. उद्या दगड दिसला तर ओळखू यायला नको?"

तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात कळ आली. दिवसभर मी घरीच.

(इथे गोदाक्का म्हणाली, "आठवतंय मला. पोटात कळ होती आणि अंगणात ठाकठाक चालली होती." मी म्हटलं, "पाटे द्यायचे होते लोकांचे. कळ पोटात होती, हातात नव्हती." सगळे हसले. चांगुणा खाली मान घालून खडे वेचत होती.)

मी नसताना त्या दिवशीही बाई रानात गेली. मास्तर थकून घरी आले तरी ती एकटी चिखल लागलेल्या बुटांनी ओढ्याकाठी काठीने माती टोचत फिरत होती. मास्तर मला बघायला आले तेव्हा म्हणाले, "धोत्रे, ही बाई गाडीत बसेल ती शेवटच्या मिनिटाला. आणि मोकळ्या हातांनी बसेल. मला बघवत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मनगटापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावता लावता थांबले. "विश्रांती घ्या," एवढंच म्हणाले.

चौथा दिवस. दुपारची पॅसेंजर. सकाळी आठला आम्ही ओढ्याच्या अंगाला. मी म्हटलं, "बाई, त्या उंबराखाली पाहिलं का?" ती म्हणाली, "दोनदा." मी म्हटलं, "तिसऱ्यांदा बघायला काय जातंय?"

उंबराखाली पालापाचोळा दाट पडलेला. मी पहार घातली तशी ठण्ण झालं. बाईने मला बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी पाला ओढू लागली. काळा दगड. माझ्या कंबरेइतका लांब, आडवा पडलेला. वर शेणाचा आणि शेवाळाचा थर. तिने ब्रशही काढला नाही, गळ्यातल्या स्कार्फनेच पुसायला लागली. आधी एक अक्षर दिसलं, मग दुसरं. मास्तरांनी मोठ्याने वाचलं: "थॉमस हेशन. गवंडी. अठराशे बासष्ट." आणि त्याखाली गवंड्याचा गुण्या, काटकोन बघायचा, कोरलेला.

बाई रडली नाही. तिने तळहात दगडावर ठेवला. ओढ्याचं पाणी वाजत होतं. मग अक्षरांच्या खोबणीतून तिने बोट फिरवलं, सावकाश, पुलावर फिरवलं होतं तसंच, डावीकडून उजवीकडे. बोट वर केलं. टोकाला पांढुरकी भुकटी लागली होती.

"चुना," मी म्हटलं. "इकडच्या मातीत फार."

तिने बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मास्तरांकडे. मास्तर उंबराची फळं मोजत होते.

"धोत्रे, हा दगड किती जुना असेल?"

"दगड काय बाई, डोंगराएवढा जुना."

खोटं बोललो का मी? सांगा. डोंगराएवढाच जुना होता.

तिने रुमाल काढला, बोट पुसलं, आणि तो रुमाल घडी करून पिशवीत, त्या तीन कागदांच्या शेजारी ठेवला. मग म्हणाली, "मला कोळसा मिळेल?" मास्तर धावत गेले. मोठा पातळ कागद दगडावर अंथरून तिने कोळशाने घासून ठसा घेतला. नाव, साल, गुण्या, सगळं उठलं. मास्तरांनी तिच्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. पॅसेंजर तीन मिनिटं लेट होती म्हणून मिळाली.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. आईने तो ठसा भिंतीवर लावू दिला नाही, उशाशी ठेवून घेतला. रोज हात फिरवायची. तीन आठवड्यांनी ती गेली, पण त्याआधी पाथरवट बोलावून ब्रिजिटच्या दगडावर नाव कोरून झालं होतं. सोबत दोन फोटो होते, एक इथला उंबराखालचा आणि एक तिकडचा. वर ब्रिजिट, खाली थॉमस. जागा भरली होती. शेवटी बाईने लिहिलं होतं, "मेलेल्याचा दगड अर्धा ठेवायचा नाही, ही तुमची रीत मला आता नीट कळली. धोत्र्यांना सांगा, त्यांचे टाके सरळ आणि बारीक आहेत." मास्तरांनी हे वाचलं आणि चष्मा पुसत बसले. वारले तोवर त्यांनी त्या दगडाचा विषय कधी काढला नाही.

तर असा गाडला मी थॉमस हेशनला. सांगून संपलं तेव्हा दोघातिघांनी डोळे पुसले. कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, आज जिंकलं.

"आणि तो फोटो?" गोदाक्का म्हणाली.

खरं तर हत्याराच्या पेटीतून तो मी कधी बाहेर काढला नव्हता. पण माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अशा वेळी मला अक्कल राहत नाही. आणला. नोराबाई दगडापाशी गुडघे टेकून बसलेली, सकाळचं ऊन दगडावर तिरपं पडलेलं, सगळं कसं स्वच्छ. फोटो हातोहात फिरला. "बाप रे, खरंच की!" म्हणाले लोक. गोदाक्काकडे गेला. तिने जवळ धरला, लांब धरला. शेंगांची टोपली खाली ठेवली. मग फोटो मला परत न देता हात लांब करून उंबऱ्यातल्या सुपात ठेवला, निवडलेल्या तांदळांवर.

"चांगुणा, तू बघ ग बाई. माझे डोळे गेले आता."

तुम्हाला ठाऊक असेल, नसेल, मधली नऊ वर्षं ह्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गोदाक्काच्या मुलाच्या लग्नात एकदाचा तो अबोला सुटला.

चांगुणाने पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"ही वरची बाजू मधोमध इतकी गुळगुळीत कशी?"

"एकशेवीस वर्षांचं पाऊसपाणी, दुसरं काय!"

"आणि कोपऱ्यातला हा टवका?"

"काळाने गेला असेल."

"काळाने नाही गेला. मामंजींची गोधडी धोपटताना माझ्या हातून गेला. पाडव्याच्या आदल्या दिवशी." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, हा कुणा थॉमसचा दगड नव्हे. हा माझा धुण्याचा दगड आहे! माहेराहून आले तर अंगणात नुसता खड्डा, आणि तुम्हीच मला म्हणालात, गोदाक्काच्या पोरांनी नेला असेल!"